बॉनेट उघडून काय पाहणार?

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. ओळखीतला एखादा मिस्त्री बरोबर न्यायचा. तो आधी गाडीभोवती एक फेरी मारतो, दारं उघडून-लावून बघतो, मग बॉनेट वर करतो. ऑइलची पट्टी काढून दोन बोटांत तेल चोळतो, वास घेतो. गाडी सुरू करायला लावून मागे जातो आणि धुराचा रंग पाहतो. काळा, निळा की पांढरा. शेवटी मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि म्हणतो, "घ्या, इंजिन ठणठणीत आहे." नाहीतर मालकाचं लक्ष नसताना हळूच नकाराची मान हलवतो. सगळा व्यवहार त्या एका मानेवर ठरतो.

आता या मिस्त्रीला जुन्या इलेक्ट्रिक गाडीसमोर उभं करा. ऑइलची पट्टी नाही. धूर नाही, कारण सायलेन्सरच नाही. आवाज म्हणावा तर घरातल्या पंख्याइतकासुद्धा नाही. बॉनेट उघडलं की दिसतात बंद पेट्या आणि नारिंगी रंगाच्या जाड वायरी. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा जिचा आहे ती बॅटरी तर तिथे नसतेच. ती आपल्या बसायच्या जागेखाली, जमिनीच्या बाजूला, सीलबंद पेटीत असते. नाक, कान, डोळे, सगळी जुनी हत्यारं इथे निकामी ठरतात. मग पाहायचं काय?

हा प्रश्न हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी ही गाडी. किंमत चौदा लाखांच्या आसपास सुरू होत होती. खूप खपली. त्या पहिल्या गाड्या आता पाच-सहा वर्षांच्या झाल्या आहेत. पहिले मालक मोठ्या बॅटरीची नवी गाडी घेतात आणि जुनी विकायला काढतात, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास भावात. तो भाव पाहून कोण पुढे येतो? ज्याचा रोजचा प्रवास ठरलेला आहे, पेट्रोलचा महिन्याचा खर्च ज्याला टोचतो, आणि नवी गाडी ज्याच्या आवाक्याबाहेर आहे असा माणूस. शिक्षक, छोटा दुकानदार, औषधांचा विक्री प्रतिनिधी. त्याचे सहा-सात लाख म्हणजे कुणाच्या प्रॉव्हिडंट फंडाचे, कुणाच्या आईच्या पाटल्यांचे. गाडी घेतल्यावर दोन वर्षांत बॅटरीने दगा दिला तर जवळजवळ तितकेच पैसे पुन्हा घालावे लागतील. म्हणून मी आज नेक्सॉनचंच उदाहरण समोर ठेवून बोलणार आहे. हिशेब कळला की तो दुसऱ्या गाडीलाही लावता येतो.

माझा भाचा मिरजेत राहतो. कामासाठी रोज कोल्हापूरला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. त्याचा फोन आला, "मामू, जुनी इलेक्ट्रिक घेऊ का? एकच मालक, फक्त अठरा हजार चाललीय." हे 'फक्त अठरा हजार चाललीय' ऐकून पेट्रोल गाडीच्या बाबतीत मी लगेच हो म्हटलं असतं. इथे थांबायला हवं, आणि का थांबायला हवं ते समजण्यासाठी बॅटरीच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

बॅटरीला आपण घागर म्हणू. त्या पहिल्या नेक्सॉनची घागर ३०.२ युनिटांची. युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलातलंच युनिट, वेगळं काही नाही. या घागरीला भोक पडत नाही, पण आतून ती हळूहळू लहान होत जाते. जसा बोअरच्या पाण्याने गीझरच्या आत क्षारांचा थर धरतो, तसं. लिथियमचे भारित कण चार्ज करताना एका काठावरून दुसऱ्या काठावर जातात आणि गाडी चालवताना परत येतात. दर खेपेला त्यांतले थोडे कण ग्रॅफाइटच्या काठावर एका पातळ थरात अडकून बसतात. अडकलेला कण पुन्हा कामाला येत नाही. आणि गंमत म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी हा थर वाढत राहतो. उन्हात वाढतो, बॅटरी शंभर टक्के भरून दिवसेंदिवस ठेवली तर आणखी वाढतो. उलट पार रिकामी करून महिनोनमहिने उभी ठेवली तर कणांचा प्रश्न राहिला बाजूला, सेलच कायमचा बिघडू शकतो.

म्हणजे बॅटरीचं वय दोन घड्याळांवर चालतं, किलोमीटरच्या आणि कॅलेंडरच्या. सहा वर्षांत अठरा हजार म्हणजे महिन्याला अडीचशे किलोमीटर. ती गाडी इतके दिवस कुठे उभी होती? बंद गॅरेजमध्ये की उघड्या छतावर? अर्धी भरलेली होती की काठोकाठ? हे मालकाला विचारायला हवं. नियमित वापरलेली, घरी सावकाश चार्ज केलेली साठ हजार चाललेली गाडी यापेक्षा चांगली निघू शकते. पेट्रोलच्या जमान्यातलं आपलं सगळ्यात लाडकं मोजमाप इथे अर्धंच खरं आहे.

उष्णतेची गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण आपण चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्याचे लोक. २०१० च्या अखेरीस निसानने लीफ नावाची गाडी अमेरिका आणि जपानच्या बाजारात आणली. चोवीस युनिटांची बॅटरी, पण तिला थंड करणारी पाण्याची व्यवस्था नव्हती. गाडीच्या पडद्यावर बॅटरीचा साठा दाखवणाऱ्या बारा पट्ट्या असत. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातून तक्रारी यायला लागल्या. वाळवंटातलं शहर, आपल्या विदर्भासारखं तापणारं. तिथल्या गाड्यांच्या पट्ट्या दोन वर्षांच्या आतच गळायला लागल्या होत्या. ओरड झाली, आणि २०१३ मध्ये कंपनीने लेखी हमी दिली की पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांच्या आत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. २०१४ मध्ये तिने नव्या बॅटरीची किंमतही जाहीर केली, जुनी परत दिल्यास साडेपाच हजार डॉलर. त्या गाडीच्या जुन्या बाजारात आजही गिऱ्हाईक आधी पट्ट्या मोजतो, मग रंग बघतो.

नेक्सॉनमध्ये बॅटरीभोवती थंड द्रव खेळवण्याची व्यवस्था पहिल्यापासून आहे. हा मोठा फरक. म्हणून कुठलीही जुनी इलेक्ट्रिक गाडी पाहताना पहिला प्रश्न हा: बॅटरी द्रवाने थंड होते की नुसत्या हवेने? २०१७ नंतर सरकारी खात्यांसाठी मोठ्या संख्येने इलेक्ट्रिक सेदान घेतल्या गेल्या. कमी दाबाच्या, लहान बॅटरीच्या. त्यांपैकी महिंद्रची ई-व्हेरिटो तर बनायचीच बंद झाली. अशी गाडी लिलावात मातीमोल भावाने मिळाली तरी मी तिच्या वाटेला जाणार नाही. आणि बंगळूरची रेवा? २००१ सालची ती चिमुकली गाडी आठ शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांवर चालायची, आणि त्या संचाचं आयुष्य दोन-तीन वर्षांचंच. आपल्या देशातली ती या क्षेत्रातली महत्त्वाची सुरुवात, पण आज ती संग्रहात शोभेल.

बरं, घागर किती उरली ते मोजायचं कसं? जगभरच्या हजारो गाड्यांच्या नोंदींवरून साधारण असं दिसतं की द्रवाने थंड होणारी बॅटरी वर्षाला सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास घटते. म्हणजे सहा वर्षांच्या गाडीत अठ्ठ्याऐंशी-नव्वद टक्के उरले असतील तर ती वयाप्रमाणे तंदुरुस्त. ऐंशीला आली असेल तर दमलेली. पंचाहत्तरच्या खाली असेल तर भाव कितीही मोहाचा असो, नमस्कार करून परत यावं.

हा आकडा मिळवायचा राजमार्ग म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन बॅटरीच्या तब्येतीचा छापील अहवाल मागणं. मालक खरा असेल तर तो याला नाही म्हणणार नाही. काही ठिकाणी मात्र 'आम्ही असा कागद देत नाही' असं उत्तर मिळतं. भाच्यालाही एका ठिकाणी तेच मिळालं. तेव्हा एक घरगुती उपाय आहे, आणि मला तो फार आवडला, कारण त्यासाठी यंत्र लागतं ते प्रत्येकाच्या दारात टांगलेलं विजेचं मीटर.

गाडी आधी एकदा शंभर टक्के भरू द्यायची. मग ती चालवून वीस टक्क्यांवर आणायची. संध्याकाळी चार्जिंगला लावताना मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, आणि त्या रात्री घरातलं बाकी मोठं काही, म्हणजे एसी, गीझर, पाण्याची मोटर, चालवायचं नाही. सकाळी शंभर टक्के झाले की पुन्हा आकडा लिहायचा. हिशेब असा: तीस युनिटांच्या घागरीचे ऐंशी टक्के म्हणजे चोवीस युनिटं. चार्जरमध्ये दहा-बारा टक्के वीज उष्णतेच्या रूपात वाया जाते, ती धरून मीटरवर सव्वीस-सत्तावीस युनिटं पडायला हवीत. फ्रिज आणि दोन पंखे रात्रभर चालतात त्याची एक-दोन युनिटं वेगळी वजा करा. एवढं करून मीटर बावीसच युनिटं दाखवत असेल तर घागर ऐंशी टक्क्यांच्या आसपास आली, हे समजायला इंजिनिअर लागत नाही. दोनदा केलंत तर उत्तम. पडद्यावरचे टक्के गाडीचा संगणक अंदाजाने दाखवतो. मीटरमधली युनिटं मात्र खरीच मोजलेली असतात.

त्या टक्क्यांबद्दल एक खुलासा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लिथियम-लोह-फॉस्फेट जातीचे सेल असतात. सुरक्षित आणि दीर्घायुषी म्हणून त्यांची ख्याती आहे. पण भरलेले असोत की अर्धे, त्यांचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे संगणकाला साठ्याचा अंदाज चुकतो. अधूनमधून पूर्ण भरलं की तो पुन्हा ताळ्यावर येतो. म्हणूनच वरच्या कसोटीत मी आधी शंभर टक्के भरायला सांगितलं. पण पूर्ण भरूनही पंधरा-वीस टक्क्यांवरून काटा एकदम तीन-चारवर कोसळत असेल तर प्रकरण वेगळं. सेल एका रांगेत, साखळीसारखे जोडलेले असतात. त्यातला एक कमजोर पडला की बाकीचे कितीही भरलेले असले तरी गाडी त्याच्याबरोबर थांबते. म्हणून चाचणीची फेरी नुसती शंभर ते ऐंशी अशी मारू नका. एकदा पंधरा टक्क्यांपर्यंत उतरवा, अर्थात चार्जर जवळ असेल अशा ठिकाणी. विकणारा माणूस नेहमी काठोकाठ भरलेली गाडी दाखवतो. दुखणं तळाशी असतं.

आपल्याकडे लोक विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" इथे विचारायचं ते 'एका चार्जमध्ये किती जाते'. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीत या गाडीचा आकडा ३१२ किलोमीटर होता. प्रत्यक्ष रस्त्यावर, एसी लावून, नवी असतानासुद्धा दोनशेच्या आसपास. बॅटरी दहा टक्के घटली की एकशे ऐंशी. रोज शंभर जायचं असेल त्याला हे पुरतं. मुंबई-मिरज एका दमात करायचं असेल त्याने स्वप्न पाहू नये.

आता सगळ्यात मोठी भीती, बॅटरीच बदलावी लागली तर? ब्लूमबर्ग एनईएफ ही संस्था दरवर्षी बॅटरीचा जागतिक सरासरी भाव जाहीर करते. २०२३ मध्ये तो एका युनिटाच्या क्षमतेला १३९ डॉलर होता, २०२४ मध्ये ११५. तीस युनिटांचे झाले साडेतीन हजार डॉलरच्या आत, पंच्याऐंशी रुपयांच्या दराने तीन लाखांना थोडे कमी. हा कारखानदारांचा आपसातला भाव. त्यावर वाहतूक, कंपनीचा नफा, अठरा टक्के जीएसटी आणि मजुरी चढवा. आपल्याला मिळणारा आकडा चार लाखांच्या खाली येणं कठीण, आणि पाचच्या पुढे जाणं सहज शक्य. शोरूमकडून तो लेखी मागून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'बॅटरी बदलायला बारा लाख' या छापाच्या निरोपांवर मात्र घाबरून जाऊ नका, आणि 'आता बॅटरी स्वस्त झाली' या वाक्यावर खूशही होऊ नका.

म्हणून वॉरंटी. या गाडीच्या बॅटरीला आणि मोटरला आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, जे आधी संपेल ते, अशी हमी होती. म्हणजे २०२० च्या गाडीची हमी २०२८ ला संपणार. आज जुनी गाडी घेणारा माणूस खरं तर दोन वस्तू विकत घेतो: लोखंडाची गाडी, आणि हमीचे उरलेले महिने. माझ्या मते त्यातली दुसरी वस्तू जास्त मोलाची. एकच मॉडेल, एकच भाव, पण एक २०२० चं आणि दुसरं २०२२ चं असेल तर दुसऱ्यासाठी लाखभर जास्त मोजले तरी मी ते महाग म्हणणार नाही. हमीचा कागद मात्र बारीक अक्षरांसकट वाचायचा. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनी जबाबदार? दुसऱ्या मालकाला हमी मिळते का, आणि त्यासाठी कंपनीकडे नाव नोंदवावं लागतं का? अलीकडे काही कंपन्यांनी बॅटरीला 'आजीवन' हमी जाहीर केली आहे. एमजीच्या विंडसर गाडीपासून २०२४ मध्ये हे सुरू झालं, पुढे टाटा आणि महिंद्रनेही आपल्या काही गाड्यांना तशी हमी दिली. पण ते आजीवन पहिल्या मालकाचं. गाडी विकली की ते संपतं आणि दुसऱ्या मालकाला ठरावीक वर्षांचीच हमी उरते. जाहिरात पहिल्या मालकाने वाचलेली असते, गाडी आपण घेत असतो.

एवढं बॅटरीविषयी बोललो म्हणून असं वाटेल की या गाड्या रोज बॅटरीपायी बंद पडतात. तसं नाही. रस्त्यात बंद पडलेल्या इलेक्ट्रिक गाडीचं दुखणं पुष्कळदा हास्यास्पद वाटावं इतकं छोटं असतं. या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते, आपल्या नेहमीच्या गाडीतल्यासारखीच. दारांची कुलपं, पडदा, संगणक तिच्यावर जागे होतात. ती उतरली की तीस युनिटं पोटात असूनही गाडी मेल्यासारखी पडते. बॉनेटखालची ही एक वस्तू मात्र आपल्या मिस्त्रीला ओळखता येते. पाच ते आठ हजारांत नवी येते. गाडी चार वर्षांपुढची असेल आणि ही बॅटरी मूळचीच असेल तर घेतल्या घेतल्या बदलून टाका.

दुसरं दुखणं गाडीचं नसून घराचं असतं. चार्जर लावला की लाल दिवा. लोक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला धावतात, तिथे ती मुकाट्याने चार्ज होते. घरी आणली की पुन्हा लाल दिवा. कारण अर्थिंग. आपल्या जुन्या घरांत अर्थिंगची तार पुष्कळदा भिंतीत कुठेतरी संपलेली असते, नाहीतर खड्ड्यातलं मीठ-कोळसा सुकून वर्षं झालेली असतात. फ्रिज, मिक्सर याची तक्रार करत नाहीत, इलेक्ट्रिक गाडी करते, आणि बरोबर करते. चांगला वायरमन बोलावून नवा खड्डा, नवा रॉड आणि मीटरपासून स्वतंत्र जाड वायर टाकून घ्यावी. रॉडला चार-पाच हजार, वायर अंतराप्रमाणे. साध्या बोर्डावरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून रोज रात्री आठ-आठ तास वीज खेचली की सॉकेट तापून वितळल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. जुनी गाडी पाहताना तिच्या चार्जरचा प्लग हातात घेऊन बघा. पिना काळवंडल्या असतील तर तो मालक कुठे आणि कसा चार्ज करत होता ते कळतं. नवा पोर्टेबल चार्जर पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातो.

ब्रेकची गंमत वेगळी. पाय काढला की मोटरच गाडीला आवरते आणि वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात. पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण न वापरलेली लोखंडाची डिस्क कोकणातल्या दमट हवेत गंजते, कॅलिपर जाम होतो. टायरांचं याच्या उलट. गाडी वजनाला जड आणि पाय दिल्याबरोबर पूर्ण जोर, म्हणून ते लवकर झिजतात. चार नवे टायर तीस हजारांच्या पुढे धरा, आणि झिजलेले असतील तर तेवढे भावातून वजा करा. सस्पेन्शनचे बुश, लिंक यांचं पेट्रोल गाडीसारखंच. ते कुठलाही मिस्त्री करेल.

महाग दुखणी मधल्या पेट्यांची. गाडीतच बसवलेला चार्जर, मोटर चालवणारा इन्व्हर्टर, विजेवर चालणारा एसीचा कॉम्प्रेसर. इथे सर्व्हिस सेंटरची रीत अशी की आत एखादा छोटा भाग गेला तरी पेटी उघडत नाहीत, अख्खी बदलतात. हमी संपलेली असेल तर बिल सहा आकडी होऊ शकतं. म्हणून पाहायला गेल्यावर दोन्ही प्रकारे चार्जिंग लावून पाहा, घरच्या प्लगवर आणि रस्त्यावरच्या जलद चार्जरवर. एक चालतं म्हणजे दुसरंही चालेलच असं नाही, कारण जलद चार्जर गाडीतल्या चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीत वीज भरतो. आणि एसी अर्धा तास चालू ठेवा.

भाच्याबरोबर मी आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या अण्णांकडे गेलो होतो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, पाटे, बुश, टायर सगळं बारकाईने पाहिलं. नारिंगी वायरीपाशी आले आणि हात मागे घेतला. म्हणाले, "भाई, तीस वर्सं हात काळं करतोय, पण ह्या वायरीला हात लावत न्हाई मी. पेट्रोल वासानं सांगतंय. हे सांगतच न्हाई." मला अण्णांची ही भीती शहाणपणाची वाटली. त्या वायरीत तीनशे व्होल्टच्या वर डीसी वीज असते, आणि गाडी बंद केल्यावरही काही वेळ आतल्या कपॅसिटरमध्ये ती साठून राहते. प्रशिक्षण आणि रबरी हातमोज्यांशिवाय तिथे बोट लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पैसे वाचवायला कुणी गल्लीतल्या पोराकडून बॅटरीची पेटी उघडून घेत असेल तर त्याला थांबवा. हमी तर जाईलच, पोरगाही जाईल.

अण्णांनी लिफ्टवर आणखी एक काम केलं, ते मोलाचं. बॅटरीच्या पेटीचा तळ हाताने चाचपून पाहिला. आपले गतिरोधक कुठल्या मापाने बांधतात ते देव जाणे. एखादा जोराने घासला की पेटीला खोक पडते. वरवर चरा असेल तर ठीक. पण आत दबलेली, वाकलेली जागा दिसली तर गाडी सोडून द्यावी. अशा नुकसानीला हमी लागू होत नाही, ते विम्याचं प्रकरण.

तसंच पुराचं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, सांगली, कोल्हापूरला पाणी शिरलं होतं. या बॅटरीची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशा दर्जाची असते. दोन दिवस चिखलात बुडून राहण्याची ती हमी नव्हे. बॅटरी वाचली तरी जोडण्यांत गेलेली ओल दोन-दोन वर्षांनी त्रास देते. पावसाळ्यात अचानक इशाऱ्याचा दिवा लागतो, गाडी सुरू होत नाही, उन्हात वाळली की पुन्हा सुरू होते. नंबर एमएच-०८, ०९ किंवा १० आहे एवढ्यावर संशय घेऊ नका. फक्त सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. कितीही धुतलं तरी पट्ट्याच्या आतल्या टोकावरचा गाळाचा डाग सहसा जात नाही. आणि गाडी कधी बंद पडलीच तर टोचन लावून ओढू नका. पुढची चाकं फिरली की मोटर जनित्रासारखी वीज बनवायला लागते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

नंबरप्लेटही वाचा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. एप्रिल २०२५ मध्ये ब्लूस्मार्ट ही इलेक्ट्रिक टॅक्सी सेवा थांबली आणि तिच्या हजारो गाड्या रस्त्यावरून बाजूला झाल्या. अशा गाड्या नवी पाटी लावून आपल्याकडे येऊ शकतात. रोज जलद चार्जरवर भरलेली टॅक्सी वाईटच असते असं नाही, पण तिचा भाव टॅक्सीचाच हवा, आणि हमीच्या अटीही वेगळ्या असू शकतात. आरसी बुकातला इतिहास पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. डीलरकडून घेत असाल तर त्याच्या नफ्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने तो बारावरून वाढवला. घरच्या घरी, माणसामाणसांतल्या व्यवहाराला तो नाही.

भाच्याने ती अठरा हजारवाली गाडी सोडली. मीटरच्या कसोटीत ती तेवीस युनिटांवर थांबली, आणि मालकाने सांगितलं की दोन वर्षं तो परगावी होता. आता तो २०२२ ची, चोपन्न हजार चाललेली एक पाहतो आहे. तिचा छापील अहवाल एक्क्याण्णव टक्के दाखवतो. मागचे टायर गेले आहेत, बारा व्होल्टची बॅटरी मूळची आहे. त्यावरून भावात घासाघीस चालू आहे.

एक गोष्ट मी त्याला पुन्हा फोन करून सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. या गाड्या मालकाच्या मोबाइलशी जोडलेल्या असतात. गाडी कुठे आहे, किती चार्ज आहे, कुठे गेली होती, हे तो घरबसल्या पाहू शकतो, काही गाड्यांत कुलूपही उघडू शकतो. आरसी आपल्या नावावर झाली तरी ही जोडणी आपोआप तुटत नाही. पैसे द्यायच्या दिवशी, मालक समोर असतानाच, त्याच्या फोनवरून गाडी काढून आपल्या फोनवर घ्या, आणि दोन्ही किल्ल्या मागून घ्या.